भोरड्यांचे थवे : उभे कोठे राहावे?

हिवाळ्यात भिगवणला जाणारे बहुतेक जण रोहित पक्षी पाहतात आणि दिवस कलताच परतीची गाडी धरतात. भोरड्यांचा खेळ नेमका त्यानंतर सुरू होतो. भोरडी म्हणजे गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची मैना. पळसावर दिसते म्हणून पळसमैनाही. मध्य आशियाकडे वीण आटोपून पावसाळ्याच्या अखेरीस ती आपल्याकडे येते व एप्रिलच्या सुमारास परतते. रात्रीच्या मुक्कामापूर्वी तिचे थवे एकजीव होऊन आकाशात वळतात.

उजनी जलाशयाचा काठ लांबलचक, आणि मुक्कामाची झाडी दरवर्षी तीच असेल असे नाही. तेव्हा जागा शोधावी कशी? मी भूगोलाचा विद्यार्थी. प्रात्यक्षिकात शिकलेली रीत येथे उपयोगी पडली. सूर्यास्तापूर्वी तासभर दोन वेगळ्या ठिकाणांहून थव्यांच्या दिशा होकायंत्राने टिपायच्या आणि नकाशावर रेषा ओढायच्या. त्या जिथे छेदतात, तिथे बहुधा बाभळीचे रान किंवा पाणकणसाचे बेट निघते. याहून सोपा उपाय म्हणजे ज्वारीची राखण करणाऱ्याला विचारणे! त्याला सारे ठाऊक असते.

झाडी सापडली म्हणून तिच्याखाली जाऊन उभे राहू नये. तेथून फक्त डोक्यावरून जाणारे पक्षी दिसतात, थव्याचा आकार दिसत नाही. शिवाय पक्षी बिचकतात ते निराळेच. थंडीत सूर्य नैऋत्येकडे मावळतो, म्हणून झाडीच्या ईशान्येस, दोन-तीनशे पावलांवरचा उंचवटा मला उत्तम वाटतो. मागे तांबूस आकाश असले की काळा थवा स्पष्ट उठून दिसतो. बहिरी ससाणा आला, तर थवा क्षणात आवळतो आणि काळपट लाट एका टोकाकडून दुसरीकडे धावते. भोरडीच्या युरोपातील भाईबंदांची रोममध्ये छायाचित्रे घेऊन इटालियन संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले, की प्रत्येक पक्षी अंतर न मोजता जवळच्या सहा-सात सोबत्यांच्या धोरणाने वळतो. पुढारी कोणीच नाही! ही लाट दुरूनच उमगते.

असा उंचवटा पुष्कळदा कोणाच्या तरी शेताचा बांध असतो. आपण ज्यांना पाहायला आलो, त्यांनाच हाकलण्यासाठी त्या शेतकऱ्याने दिवसभर गोफण फिरवलेली असते. भोरडी नाकतोडे खाते हे खरे, पण दाणे भरताना तिचा थवा उतरला की त्याच्या कणसांत काय उरणार? त्याच्यासमोर "वा! काय सुंदर!" म्हणणे मला तरी जमत नाही. आधी परवानगी घ्यावी, पीक तुडवू नये.

शेवटी थवा झाडीत कोसळल्यासारखा उतरतो आणि मोठा कलकलाट होतो. तो ओसरेपर्यंत बॅटरी लावू नये, मोटारसायकलही सुरू करू नये.