प्रश्नपेटी

१ डिसेंबर हा दिवस १९८८ पासून जगभर ‘जागतिक एड्स दिन’ म्हणून पाळला जातो. या दिवसाच्या आठ दिवस आधी मी पुण्यातील आमच्या शाळेत इयत्ता नववीच्या वर्गात पुठ्ठ्याची एक पेटी ठेवली. मुलांना सांगितले, “एड्सविषयी जे विचारायचे असेल ते चिठ्ठीवर लिहा. उर्दूत लिहा किंवा मराठीत लिहा. नाव लिहू नका.” जे प्रश्न तोंडाने विचारायला संकोच वाटतो, ते कागदावर सहज लिहिता येतात.

पेटी भरली. बहुतेक प्रश्न सारखेच होते. पण एका चिठ्ठीवर उर्दूत लिहिले होते : “आमच्या शेजारी एक मुलगा राहतो. त्याला ही बीमारी आहे, असे लोक म्हणतात. आता कोणी त्याच्याशी खेळत नाही. मी त्याच्याबरोबर कॅरम खेळू का?”

ही चिठ्ठी कोणाची, हे मी विचारले नाही. ती बाजूला ठेवली आणि आधी दुसऱ्या चिठ्ठ्या घेतल्या.

पहिला प्रश्न होता, “एचआयव्ही आणि एड्स एकच का?” नाही. एचआयव्ही हा एक विषाणू आहे. तो रक्तातील काही पांढऱ्या पेशींचा नाश करतो. या पेशी शरीराचे पहारेकरी आहेत. पहारेकरी कमी झाले की क्षयासारखे रोग शरीरात सहज शिरतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. लागण झाल्यावर उपचार घेतले नाहीत, तर साधारणपणे काही वर्षांनी ही अवस्था येते. तोपर्यंत माणूस बाहेरून अगदी निरोगी दिसू शकतो. म्हणून चेहरा पाहून कोणालाही ओळखता येत नाही.

दुसरा प्रश्न होता, “हा रोग कसा पसरतो?” त्याचे चार मार्ग आहेत. लागण झालेल्या व्यक्तीशी असुरक्षित लैंगिक संबंध. तपासणी न केलेले रक्त. दुसऱ्याने वापरलेली सुई. आणि लागण झालेल्या आईकडून बाळाला. हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने, एकाच बाकावर बसल्याने, खोकल्याने किंवा डास चावल्याने हा रोग होत नाही. डासाच्या पोटात हा विषाणू वाढू शकत नाही.

मार्ग कळले की बचावही कळतो. लग्नापूर्वी संयम आणि लग्नानंतर एकनिष्ठा ठेवावी. निरोध वापरल्याने धोका पुष्कळ कमी होतो. रक्त सरकारमान्य रक्तपेढीतूनच घ्यावे. इंजेक्शनची सुई नवी असावी, न्हाव्याकडे नवे पाते लावायला सांगावे. गरोदर स्त्रीची वेळेवर तपासणी करावी. तिला लागण असली, तरी तिला व बाळाला वेळेवर औषधे दिल्यास बाळाला लागण होण्याचा धोका शेकडा पाचांहून कमी होतो.

“तपासणी कोठे करतात?” सरकारी रुग्णालयांत समुपदेशन व चाचणी केंद्रे असतात. तेथे रक्ताची तपासणी मोफत होते. तपासणीच्या आधी आणि नंतर समुपदेशक समजावून सांगतात. व्यक्तीच्या संमतीशिवाय तपासणी करत नाहीत. मूल अठरा वर्षांखालील असेल तर पालकांची संमती घेतात. मात्र लागण झाल्यावर लगेच केलेल्या तपासणीत ती कधी कधी दिसत नाही. म्हणून डॉक्टर सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायला सांगतात. माहितीसाठी १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

“औषध आहे का?” आपल्या देशात या विषाणूची लागण प्रथम १९८६ साली मद्रासमध्ये आढळली. तेव्हा औषध नव्हते. १९९२ साली पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. पुढे नऊ देशांतील १७६३ जोडप्यांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात पुण्याचाही सहभाग होता. २०११ साली त्याचा निष्कर्ष आला. लवकर औषधे सुरू केली, तर जोडीदाराला लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी कमी होतो! आज विषाणू शरीरातून पुरता काढून टाकणारे औषध सर्वांसाठी उपलब्ध नाही. पण रोज औषध घेणारी माणसे दीर्घ आयुष्य जगतात. नोकरी करतात, संसार करतात. सरकारी केंद्रांत ही औषधे २००४ पासून मोफत मिळू लागली.

आता मी ती बाजूला ठेवलेली चिठ्ठी वाचून दाखवली. वर्ग शांत झाला. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला व म्हणाला, “सर, कॅरमच्या सोंगटीला हात लावल्याने काही होत नाही. खेळायला हवे.”

“बरोबर. आणखी कोणाला काही सुचते?”

एक मुलगी उभी राहिली. “सर, चिठ्ठीत ‘लोक म्हणतात’ असे आहे. लोकांना हे कोणी सांगितले?”

मला तिचे कौतुक वाटले. खरोखर, तो मुलगा आजारी आहे की नाही, हे आपल्याला ठाऊक नाही. आणि ते जाणून घेण्याचा आपल्याला अधिकारही नाही. २०१७ च्या कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घातले आहे. शाळा, नोकरी, दवाखाना, घर यांपासून त्याला दूर ठेवणे हा कायद्याचा भंग आहे. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. पण गल्लीतल्या खेळात कोणाला घ्यायचे, हे कायदा ठरवत नाही. ते मुलांनीच ठरवायचे असते.

दुसऱ्या दिवशी पेटीत एकच चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिले होते : “काल आम्ही तीन डाव खेळलो. दोन तो जिंकला.”

शब्दार्थ
संकोच – लाज, भीड
लागण – रोगाचा संसर्ग
क्षय – टीबी
संयम – स्वतःवर ताबा
समुपदेशक – समजावून सल्ला देणारा
संमती – परवानगी
सोंगटी – कॅरमची गोटी

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चिठ्ठीवर नाव का लिहायचे नव्हते?
(आ) भोसरीची संस्था कोणत्या साली सुरू झाली?
२. एचआयव्ही पसरण्याचे चार मार्ग लिहा.
३. कारणे द्या : चेहरा पाहून रोगी ओळखता येत नाही.
४. ‘लोकांना हे कोणी सांगितले?’ या प्रश्नाचे सरांना कौतुक का वाटले? तुमच्या शब्दांत पाच ओळी लिहा.
५. विरुद्धार्थी शब्द लिहा : निरोगी, सुरक्षित, गुप्त.