लाकडी घोडा आणि मागचे दार



आमच्या शाळेच्या कॉम्प्युटरवर फुकटचे खेळ घालायचे नाहीत असे गुरुजी सांगतात. का, ते मी त्यांना विचारले. त्यांनी सांगितले ते लिहीत आहे.

ग्रीक लोकांची जुनी गोष्ट आहे. दहा वर्षे वेढा घालूनही ट्रॉय शहर पडेना. मग ग्रीकांनी मोठा लाकडी घोडा करून ठेवला व निघून गेल्याचे सोंग केले. ट्रॉयच्या लोकांनी तो आपल्याच हातांनी आत ओढून नेला. रात्री त्याच्या पोटातल्या शिपायांनी वेस उघडली. म्हणून लबाड प्रोग्रॅमला ट्रोजन म्हणतात.

1998 साली स्वीडनमध्ये नेटबस नावाचा प्रोग्रॅम तयार झाला. त्याचा एक भाग आपल्या कॉम्प्युटरात लपतो, दुसरा चोराकडे असतो. तो एका खेळात लपवून पाठवीत. बिळातून डोके काढणाऱ्या प्राण्याला टोला हाणायचा, असा तो खेळ! (आमच्या शेतातल्या घुशीच आठवल्या.) खेळ खरोखरच चालायचा, मग संशय कोणाला येणार?

कॉम्प्युटरला बाहेर बोलायला नंबरांची दारे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. शेवटचा नंबर 65,535. नेटबस 12345 नंबरचे दार उघडून बसायचा. चोर दुरून सीडीचा ट्रे उघडायचा. ह्याचे मला हसू आले. पण आपण दाबलेली बटणेही त्याला कळायची, म्हणजे पासवर्डसुद्धा! कॉम्प्युटर बंद करूनही उपयोग नाही. चालू होताना सुरू करायच्या प्रोग्रॅमांच्या यादीत तो आपले नाव घालून ठेवतो.

हल्लीचे पुष्कळ ट्रोजन आतूनच चोराला हाक मारतात. पुढच्या दाराला कुलूप आणि घरातल्यानेच परसदाराची कडी काढली, तसे.

मोबाइलवरही हे येते. 2024 साली पोलिसांनी सावध केले होते, की लग्नाची पत्रिका म्हणून एपीके फाइल येते. ती पत्रिका नसतेच, प्रोग्रॅम असतो. आजी म्हणाली, अक्षता नाहीत तर कसली पत्रिका! बाबांच्या मोबाइलवर बँकेचे मेसेज येतात, म्हणून त्यांना हे मी दोनदा सांगितले.

संशय आला तर आधी इंटरनेटची वायर काढावी. पासवर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बदलावा, नाहीतर नवा पासवर्डही चोराला कळतो. मग जाणकाराकडून सगळे पुसून विंडोज नव्याने घालून घ्यावे. आपले फोटो व कागद आधीच दुसरीकडे ठेवलेले असले तर ते वाचतात.

– इयत्ता चौथी