लोणारला न्यायला कॅमेरा : स्वस्तातला, पण कामाचा

सुट्ट्या जवळ आल्या की होस्टेलवर दोनच चर्चा असतात, रिझर्वेशन आणि फोटो. यंदा फोटोच्या चर्चेला नवं वळण लागलंय. सगळ्यांना छोटा डिजिटल कॅमेरा हवाय. आपण बालवाडीत असताना मामाच्या लग्नात हातोहात फिरायचा ना, तोच चंदेरी डबा! माझ्या रूममेटचा साधा सवाल होता, "काहून वो, फोन हाये ना खिशात?" प्रश्न बरोबर आहे, कारण त्या डब्यावर मेसचे महिना-दोन महिन्यांचे पैसे जाऊ शकतात. म्हणून हा लेख. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे शुद्धलेखनाबद्दल संपादकांनी आणि सरांनी माफ करावं.)

आधी परिस्थिती. २०१० मध्ये लेन्स न निघणारे असे कॅमेरे जगभरात दहा कोटींच्या वर बाजारात गेले, २०२३ मध्ये वीस लाखांच्याही आत. फोनने त्यांना गिळलं. म्हणजे स्वस्तात हवा असेल तर एकतर कुणाच्या कपाटातला किंवा दुकानातला सेकंड हँड घ्यायचा, नाहीतर उरलेल्या मोजक्या नव्या मॉडेल्सपैकी एखादा. तिसरी वाट थेट खड्ड्यात जाते. ऑनलाइन "४८ मेगापिक्सेल, १६ एक्स झूम" असे चकचकीत डबे दिसतात, कंपनीचं नाव कधी न ऐकलेलं. त्यातला सेन्सर बहुतेक वेळा अगदी साधा असतो, ४८ हा आकडा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो आणि झूम म्हणजे नुसतं चित्र कापून मोठं करणं. ओळखायचं कसं? लेन्सभोवती "५.०–४०.०" असे मिलिमीटरचे दोन आकडे आहेत का ते बघा. एकच आकडा असेल तर ऑप्टिकल झूम नाही. ऑन केल्यावर लेन्स बाहेर येते का तेही बघा. (काही कॅमेऱ्यांत, उदाहरणार्थ सोनीच्या जुन्या टी सिरीजमध्ये, ती आतल्या आत सरकते, तो अपवाद.)

आता मेगापिक्सेलचा फंडा. स्वस्त कॅमेऱ्यांत बहुधा १/२.३ इंची सेन्सर असतो. त्याचं खरं माप साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढं. त्यावर २ कोटी पिक्सेल बसवले की एकेक पिक्सेल सुमारे १.२ मायक्रॉनचा होतो. फर्स्ट इयरचं डिफ्रॅक्शन आठवा : पूर्ण झूमला एफ/६.९ असेल तर प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर ९ मायक्रॉनचा ठिपका होऊन पडतो, म्हणजे सात-आठ पिक्सेल रुंद. मग २० मेगापिक्सेल काय चाटायचे? ४ बाय ६ इंची प्रिंटला ३०० डीपीआयने जेमतेम २.२ मेगापिक्सेल पुरतात, ए-४ ला पावणेनऊ. जुना १० मेगापिक्सेलचा कॅमेरा मिळाला तर बिनधास्त घ्या.

मेगापिक्सेलपेक्षा बघायची गोष्ट म्हणजे झूम कुठून सुरू होतो. यासाठी लोणारइतकी चांगली लॅब नाही. विवर जवळजवळ गोल, व्यास साधारण १.८ किलोमीटर. काठावर उभे राहा आणि शाळेतली भूमिती आठवा : अर्धवर्तुळातला कोन काटकोन. म्हणजे समोरच्या आडव्या व्यासाची दोन टोकं तुमच्या डोळ्याशी ९० अंशांचा कोन करतात. २८ मिलिमीटरपासून (हा ३५ मिमी फिल्मच्या हिशेबातला आकडा, खोक्यावर छापलेला असतो) सुरू होणारा कॅमेरा आडवे ६५ अंश बघतो, २४ वाला ७४, आणि ३५ पासून सुरू होणारे जुने फक्त ५४. म्हणजे यातला एकही पुरत नाही! फोनची अल्ट्रावाइड लेन्स इथे सरळ जिंकते. कॅमेराच असेल तर तो उभा धरून एकावर एक थोडे चढवलेले चार-पाच फोटो घ्या आणि नंतर जोडा.

पण त्याच काठावरून खाली तळ्याजवळचं कमळजा देवीचं मंदिर टिपायचं असेल तर बाजी पलटते. आठपट ऑप्टिकल झूम म्हणजे २२४ मिलिमीटर, फक्त ९ अंशांचा तुकडा. स्वस्त फोन इथे पाण्यात भिजलेल्या रांगोळीसारखं चित्र देतो. माझं मत स्पष्ट आहे : कॅमेरा घ्यायचा तो झूमसाठी. रात्रीच्या फोटोंसाठी घेत असाल तर पैसे घरी पाठवा.

अंधाराचा प्रश्न लोणार गावातल्या दैत्यसूदन मंदिरात येतोच. छताचं कोरीवकाम बघण्यासारखं आहे, पण आत उजेड कमी आणि छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश तीन-चार मीटरच्या पुढे जात नाही. युक्ती अशी : फ्लॅश बंद करा, आयएसओ कमी ठेवा, कॅमेरा जमिनीवर पाठीवर झोपवा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि बाजूला व्हा. फ्लॅश बंद करायचं बटण आधीच पाठ करून ठेवा, कारण अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदीच आहे.

रंगाचंही थोडं. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा अनेकांना ते फोटोशॉप वाटलं. पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा हा रंग असल्याचं निघालं. ऑटो व्हाइट बॅलन्स असा सगळीकडे पसरलेला रंग फिका करू शकतो. म्हणून उन्हात सेटिंग "डेलाइट" वर ठेवावं.

सेकंड हँड घेताना दुकानातच पाच मिनिटं घ्या, दुकानदार कुरकुरला तरी. झूम चार-पाच वेळा आत-बाहेर करा आणि आवाज ऐका. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. त्यात डाग दिसला तर आत धूळ किंवा बुरशी आहे. लेन्सवर हात दाबून एक काळा फोटो काढा, त्यात रंगीत ठिपके नकोत. मग कार्ड. ऑलिंपस आणि फुजीच्या बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांना एक्सडी कार्ड लागतं, सोनीच्या जुन्यांना मेमरी स्टिक, आणि दोन्ही आता सहज मिळत नाहीत. एसडीवाला असला तरी २००६ च्या आधीचा असेल तर २ जीबीपेक्षा मोठं कार्ड तो बहुधा ओळखणार नाही. बॅटरी लिथियमची असेल तर चार्जर सोबत आहे का ते बघा, नुसता कॅमेरा म्हणजे पेपरवेट. एए सेलवाला असेल तर रिचार्जेबल चार सेल घ्या. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला दिवसभर फिरायचं असेल तर घड्याळाचे साधे सेल पाच-दहा फोटोंत मान टाकतात.

आणि निघायच्या आदल्या रात्री तारीख लावून ठेवा. जुन्या कॅमेऱ्यातली आतली छोटी बॅटरी मेलेली असते, प्रत्येक वेळी सेल बदलला की तो कुठल्यातरी १ जानेवारीला जाऊन बसतो.