आधी त्वचेचा डॉक्टर, मग लेझर

मी सोलापूरजवळच्या कुंभारीत शिवणकाम करते. मापे द्यायला येणाऱ्या मुली ओढणी सारखी करता करता हळूच विचारतात, "ताई, लेझर करावं का?" हनुवटीवरच्या, जबड्याखालच्या केसांबद्दल घरात बोलायची सोय नसते. माझ्या जबड्यावरचे डाग मात्र त्यांना दिसतात. प्रत्येकीला मी जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

लग्नसराईचे दिवस होते. सोलापुरातल्या एका ब्युटी सेंटरमध्ये पॅकेजचा भाव सांगितला गेला, तारीख दिली गेली, मशीन नवे आहे म्हणून कौतुकही झाले. माझी पाळी नियमित येते का, कोणती गोळी चालू आहे का, रोज किती उन्हात असते, यातले काहीच कुणी विचारले नाही. डॉक्टर तिथे नव्हतेच. काही सीटिंगनंतर जबड्यावर भाजल्यासारखे चट्टे उठले, बारीक फोड आले आणि ते बसल्यावर काळे डाग राहिले. "दोन दिवसांत जाईल" एवढेच उत्तर मिळाले. दोन दिवसांत ते गेले नाहीत, अजूनही पुसट दिसतात. त्याहून जास्त त्रास दुसऱ्या गोष्टीचा झाला. लेझर केलेल्या जागेच्या कडेला, मानेवर, जिथे आधी नुसती लव होती तिथे राठ केस येऊ लागले. पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी समजावले की असे घडते. सावळ्या कातडीच्या, हार्मोनचा त्रास असलेल्या बायकांत, चेहऱ्यावर आणि मानेवर हा धोका जास्त असतो. तपासण्या केल्यावर मला पीसीओडी, म्हणजे हार्मोनचाच त्रास, असल्याचे कळले.

लेझर काम कसे करते ते समजून घ्या, म्हणजे निम्मे निर्णय आपोआप होतील. हा प्रकाश केसातल्या काळ्या रंगद्रव्यात, म्हणजे मेलॅनिनमध्ये, शोषला जातो. तिथे उष्णता तयार होते आणि केसाचे मूळ भाजते. अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकी डॉक्टरांनी 1983 मध्ये हे तत्त्व मांडले. गोऱ्या कातडीत काळा केस असेल तर उष्णता केसातच जाते. आपल्या कातडीतही तेच मेलॅनिन भरपूर असते, त्यामुळे प्रकाश दोन्हीकडे शोषला जातो. डॉक्टर त्वचेचे सहा प्रकार मानतात, आणि आपल्यातल्या बहुतेकजणी चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतात. अशा त्वचेला 1064 नॅनोमीटरचे एनडी-याग लेझर अधिक सुरक्षित, कारण ते खोल जाते आणि वरच्या कातडीत कमी शोषले जाते. डायोडही चालते, पण ताकद बेताची ठेवणारा जाणता हात हवा. 755 नॅनोमीटरच्या अलेक्झांड्राइटने भाजण्याचा धोका जास्त. बऱ्याच ठिकाणी लेझर म्हणून जे वापरतात ते आयपीएल असते. ते लेझर नव्हेच, आणि सावळ्या त्वचेवर त्याने चट्टे पडण्याची भीती अधिक.

त्यात आपले ऊन. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो. विडीची पाने आणायला-पोचवायला जाणाऱ्या, एमआयडीसीच्या पाळीला चालत जाणाऱ्या बायकांचा चेहरा रापलेला असतो. रापलेल्या कातडीवर लेझर मारून घेऊ नये. सुरुवात थंडीत करावी, आणि पुढचे महिने चेहरा झाकून, सनस्क्रीन लावून राहणे जमणार असेल तरच करावी. माझ्या मते हा प्रश्न पैशांच्याही आधीचा आहे.

पांढरे किंवा भुरे केस लेझरला दाद देत नाहीत, कारण त्यांत काळे रंगद्रव्य नसते किंवा फारच कमी असते. बारीक लवेवर तर ते करूच नये. गरोदरपणात थांबावे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल, जखमेचे व्रण फुगून वर येत असतील, ओठावर वारंवार नागीण उठत असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे. तीळ आणि गोंदण यांवर प्रकाश पडता कामा नये. भुवयांच्या आसपास लेझर नकोच. डोळ्यांवर संरक्षक चष्मा नसेल तर उठून यावे.

केस का येतात, हे कळल्याशिवाय तर पाऊल टाकूच नका. पाळी लांबत असेल, वजन वाढत असेल, तर सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या आधी. केस झपाट्याने वाढले आणि आवाजही घोगरा झाला, तर लगेच डॉक्टर गाठा. गोरे होण्यासाठी मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइडची क्रीम हेही एक कारण असते. 2018 मध्ये सरकारने अशा चौदा स्टेरॉइडांच्या मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली, तरी ती मैत्रिणीमैत्रिणींत फिरतातच. ते मलम चालू असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

पहिल्या दिवशी छोट्या जागेवर चाचणी करून घ्या आणि काही दिवस वाट पाहा. आधीचे चार-सहा आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग नको, कारण मूळच उपटले तर लेझरने भाजायचे काय? रेझर चालतो, त्याने केस दाट होत नाहीत. बधिर करणारी क्रीम मोठ्या भागावर स्वतःहून चोपडू नका. पायांना अशी क्रीम लावून वर प्लास्टिक गुंडाळलेल्या दोन तरुणींच्या मृत्यूनंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2007 मध्ये इशारा दिला होता. आणि केस कायमचे, सगळे जातील असे वचन देणाऱ्याकडे जाऊ नका. ते कमी होतात, बारीक होतात. पीसीओडी असेल तर नवे येत राहतात आणि अधूनमधून पुन्हा सीटिंग घ्यावे लागते.

कुंभारीत अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, सोलापुरात सिव्हिल आहे. बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढा, त्वचेच्या डॉक्टरांना चेहरा दाखवा, पाळीबद्दल न लाजता सांगा. पॅकेजचे पैसे त्यानंतरच भरा.