‘गिव्ह अप’ : सोडणे आणि हार मानणे

इंग्रजी शिकताना आपल्या विद्यार्थ्यांना मोठ्या शब्दांपेक्षा छोटे शब्दच अधिक अडवतात. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर. परंतु ‘गिव्ह अप’ म्हणजे ‘वर देणे’ नव्हे. मराठीला ही रीत परकी नाही. ‘सोडून देणे’ यातही ‘देणे’ आहे, पण तेथे कोणी कोणाला काही देत नाही. सोडण्याची क्रिया पुरी झाली, एवढेच ते सांगते.

जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत ‘देयधम’ म्हणजे धर्मदान हा शब्द आढळतो. दात्याने दिले, संघाने घेतले. हे झाले ‘गिव्ह’. ‘गिव्ह अप’मध्ये घेणारा असलाच पाहिजे असे नाही. जवळचे सुटले, हे त्यात मुख्य.

या क्रियापदाला कर्म असेल, तर अर्थ होतो सोडणे. ‘ही गेव्ह अप स्मोकिंग’, म्हणजे त्याने धूम्रपान सोडले. येथे ‘टू स्मोक’ म्हणू नये. कर्माच्या जागी ‘इट’ आले, तर ते मध्ये बसते : ‘गिव्ह इट अप’. कर्म मुळीच नसेल, तर मात्र अर्थ होतो हार मानणे : ‘डोन्ट गिव्ह अप.’

सोडणे नेहमी राजीखुशीचे असतेच असे नाही. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तेथील कुटुंबांविषयी ‘दे लेफ्ट’ एवढेच लिहिणे अपुरे आहे. सकाळी कामावर निघालेला माणूसही ‘लीव्ह’च करतो. ‘दे हॅड टू गिव्ह अप देअर लँड’ असे लिहावे. त्यातील ‘हॅड टू’ गाळले, तर त्यांची अगतिकताच वाक्यातून गळून पडते.

दोन्ही अर्थ एकत्र पाहायचे असतील, तर परमपूज्य बाबासाहेबांचे उदाहरण घ्यावे. हिंदू कोड बिल रखडले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. ‘ही गेव्ह अप हिज पोस्ट, बट ही डिड नॉट गिव्ह अप.’ पहिल्या ‘गिव्ह अप’ला कर्म आहे, दुसऱ्याला नाही. पद सोडले, हार मानली नाही.

वसतिगृहातील पहिल्या रात्री घर आठवून रडलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला हे वाक्य वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. शिकण्यासाठी त्याने घरची ऊब सोडली होती. पालकांनीही लेकराचा सहवास सोडला होता. कर्म असलेले ‘गिव्ह अप’ दोघांनी स्वीकारले, ते कर्म नसलेले ‘गिव्ह अप’ टाळण्यासाठीच.