धक्कातंत्र आणि विकलांग कलावंत : ‘फ्रीक्स’च्या निमित्ताने

चित्रपटातील धक्कातंत्राची चर्चा बहुधा प्रेक्षकाच्या बाजूने केली जाते. धक्क्याने प्रेक्षक अंतर्मुख होतो की केवळ चाळवला जातो, एवढ्यापुरतीच ती मर्यादित राहते. ज्याच्या देहाच्या आधारे हा धक्का दिला जातो, त्या कलावंताचे काय, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. टॉड ब्राउनिंग या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘फ्रीक्स’ (१९३२) हा चित्रपट या दृष्टीने अभ्यासनीय ठरतो.

‘ड्रॅक्युला’च्या (१९३१) यशानंतर ब्राउनिंग यांनी मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीसाठी हा चित्रपट केला. त्याला टॉड रॉबिन्स यांच्या ‘स्पर्स’ (१९२३) या कथेचा आधार आहे. सर्कशीत झुल्यावरच्या कसरती करणारी देखणी क्लिओपात्रा बुटक्या चणीच्या हान्सशी त्याच्या संपत्तीसाठी विवाह करते, त्याला विष देऊ लागते आणि अखेर त्याच्या सोबत्यांच्या सूडाला बळी पडते, असे हे कथानक आहे. हान्सचे सोबती म्हणून आलेले जॉनी एक, प्रिन्स रँडियन, हिल्टन भगिनी आदी कलावंत फिरत्या मेळ्यांतून आपल्या देहाचे प्रदर्शन करून उपजीविका करणारे होते. ब्राउनिंग यांनीही तरुणपणी अशा मेळ्यांत काम केले होते.

संहितेच्या पातळीवर चित्रपटाच्या पूर्वार्धाची भूमिका सहानुभूतीची आहे. हातपाय नसलेला रँडियन केवळ तोंडाच्या साहाय्याने काडी ओढून सिगारेट पेटवतो. बाजूला चाललेल्या गप्पांत त्याचे कोणालाच अप्रूप वाटत नाही. भरताने हास्यरसाच्या विभावांत ‘व्यंगदर्शना’चा समावेश केला आहे. येथे व्यंग दिसते, परंतु ते हास्याचा विभाव होत नाही. उलट व्यंगाला हसणारी क्लिओपात्राच लग्नाच्या मेजवानीत हीन ठरते. व्यंगाचे विभावत्व काढून घेण्याचा हा प्रयत्न त्या काळाच्या मानाने धीटच म्हणावा लागेल.

उत्तरार्धात मात्र चित्रपट आपल्याच भूमिकेला छेद देतो. वादळी पावसात, चिखलातून शस्त्रे घेऊन सरपटत येणारे तेच देह आता भयानकाचे विभाव बनतात. शेवटी क्लिओपात्रा पक्ष्यासारख्या विद्रूप रूपात प्रदर्शनाच्या खड्ड्यात दिसते. विकलांगता ही माणसाची एक स्वाभाविक अवस्था आहे, असे सुचवणारी कलाकृती तिलाच शिक्षेचे रूप देऊन संपते. विशेष म्हणजे संपूर्ण कथा प्रदर्शनाची जाहिरात करणाऱ्या निवेदकाच्या चौकटीत बसवलेली आहे. त्यामुळे चित्रपटाचा प्रेक्षक अखेर तिकीट काढलेला बघ्याच राहतो.

निर्मितीच्या पातळीवरील वास्तव याहून बोलके आहे. स्टुडिओच्या उपाहारगृहात या कलावंतांसोबत जेवण्यास इतरांनी हरकत घेतल्यावर त्यांतील बहुतेकांची व्यवस्था बाहेर वेगळी करण्यात आली. पडद्यावर पंक्तीला बसलेली माणसे पडद्यामागे पंक्तीबाहेर राहिली.

तथापि, या कलावंतांना केवळ बळी मानणे हाही एक प्रकारचा अन्यायच ठरेल. ते व्यावसायिक होते. हिल्टन भगिनींनी तर चित्रपटाच्या आदल्याच वर्षी, १९३१ मध्ये, आपल्या मिळकतीवर कब्जा ठेवणाऱ्या व्यवस्थापकांपासून न्यायालयामार्फत सुटका करून घेतली होती. चित्रपटात काम केलेल्या दाढीधारी स्त्री-कलावंताने पुढे त्याचा उघड निषेध केला, तर जॉनी एक यांनी ब्राउनिंग यांच्याविषयी आपुलकीनेच सांगितले. बौद्धिक विकलांगता असलेल्या श्लिट्झीच्या बाबतीत संमतीचा अर्थ काय घ्यावयाचा, हा प्रश्न तर वेगळाच आहे. तात्पर्य, ‘शोषण’ हा शब्द सरसकट वापरता येत नाही. प्रत्येक कलावंतागणिक तो तपासावा लागतो.

सुमारे दीड तासाचा मूळ चित्रपट पूर्वप्रदर्शनातील प्रतिकूल प्रतिक्रियांनंतर जवळजवळ अर्ध्या तासाने कापण्यात आला. ब्रिटनमध्ये तो १९६३ पर्यंत निषिद्ध होता. मधल्या काळात ड्वेन एस्पर या वितरकाने तो ‘निसर्गाच्या चुका’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली गावोगावी दाखवला. १९६२ मध्ये तो व्हेनिस महोत्सवात पोहोचला आणि १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समाविष्ट झाला. चित्रफीत एकच, कधी ती मेळ्यातील तमाशा ठरली, कधी अभिजात कृती. या उन्नयनाचा लाभ दिग्दर्शकाच्या कीर्तीला झाला. कलावंतांच्या वाट्याला त्यातले फारसे आले नाही.

क्रिस्पिन ग्लोव्हर यांच्या दोन चित्रपटांची तुलना येथे उद्बोधक ठरते. ‘व्हॉट इज इट?’मध्ये (२००५) डाउन सिंड्रोम असलेले अनेक कलावंत आहेत, पण निषिद्धाला आव्हान देण्याचा हेतू दिग्दर्शकाचा आहे. ‘इट इज फाइन! एव्हरीथिंग इज फाइन.’ (२००७) हा चित्रपट मात्र सेरेब्रल पाल्सी असलेल्या स्टीव्हन स्ट्यूअर्ट यांनी स्वतः लिहिला आणि त्यात प्रमुख भूमिकाही केली. त्यातील हिंसा व कामवासना पहिल्याइतकीच अस्वस्थ करणारी आहे. परंतु येथे धक्का देणारा आणि ज्याच्या देहातून तो दिला जातो तो, एकच आहे.

यावरून एक निकष हाती लागतो. दृश्य किती धक्कादायक आहे यावरून शोषण ठरत नाही. धक्क्याचा कर्ता कोण, त्याचे मोल कोण चुकवतो आणि चित्रीकरण संपल्यावर त्या कलावंताला पंक्तीत स्थान मिळते की नाही, यांवरून ते ठरते. विकलांग पात्रांच्या चित्रणाची चिकित्सा करणाऱ्या अभ्यासकाने संहितेइतकाच निर्मितिव्यवहारही अभ्यासविषय मानणे म्हणूनच अगत्याचे आहे.