वेष्टनाचा धडा

गेल्या वर्षी टेक्सासमधील ऑस्टिन येथे मुलाकडे जाण्याचा योग आला. त्याच्या शेजाऱ्यांनी मंद धुरावर रात्रभर शिजणारे ब्रिस्केट, म्हणजे गुराच्या छातीचे मांस, मोठ्या अगत्याने दाखविले. मी शाकाहारी, त्यामुळे माझे कुतूहल तापमापकापुरतेच होते. परंतु तेथेच माझ्या विषयातील एक जुना धडा पुन्हा समोर आला.

स्मोकरचे तापमान सुमारे 120 अंश सेल्सिअस असते. मांसाचे अंतर्गत तापमान आधी सुरळीत चढते. पुढे 65 ते 75 अंशांच्या दरम्यान ते काही तास अडून राहते. विस्तव विझलेला नसतो. पृष्ठभागावरील बाष्पीभवन मिळालेली उष्णता घेऊन जाते. घामाने आपले शरीर निवते, तसेच हे. या टप्प्यावर मांस बुचर पेपरमध्ये, म्हणजे मेण न लावलेल्या जाडसर कागदात, घट्ट गुंडाळतात. बाष्पीभवन मंदावते, तापमान पुन्हा चढू लागते आणि ते 95 अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत चिवट कोलॅजनचे जिलेटिन होऊन मांस मऊ पडते. फॉइलमध्ये सारी वाफ कोंडते. काम लवकर होते, पण वरचा खरपूस थर ओलसर होतो. कागद थोडी वाफ बाहेर सोडतो, म्हणून तो थर टिकतो.

हे पाहताना मला व्यवसायाच्या आरंभीची एक रात्र आठवली. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या श्वासासाठी आमची धडपड चालली होती. त्याच्या ओल्या अंगाचे भान मला राहिले नाही. खोली उबदार होती, तरी बाळ गार पडले. ते वाचले नाही. केवळ थंडीमुळे ते गेले असे मी म्हणणार नाही. पण ती चूक मी विसरलेलो नाही.

एक ग्रॅम पाणी त्वचेवरून उडताना सुमारे 580 कॅलरी उष्णता नेते. एक किलोच्या बाळाचे तापमान अर्ध्या अंशाहून अधिक उतरण्यास तेवढे पुरते. म्हणून पूर्ण दिवसांचे बाळ जन्मताच कोरडे पुसून आईच्या छातीवर, कोरड्या पांघरुणाखाली ठेवावे. 32 आठवड्यांपूर्वी जन्मलेले बाळ मात्र न पुसता, चेहरा मोकळा ठेवून, मानेपर्यंत स्वच्छ प्लॅस्टिकच्या वेष्टनात घ्यावे. डोक्यावर टोपी घालून वॉर्मरखाली ठेवावे. येथे वाफेला वाट ठेवायची नसते.

आपल्या प्रसूतिगृहात कोरडी, उबदार दुपटी, टोपी आणि हे वेष्टन प्रसूतीपूर्वीच हाताशी मांडलेले असते का, हे प्रत्येकाने एकदा स्वतः जाऊन पाहावे, एवढीच विनंती.